पाहुण्यांची शेजपाळी : महाराष्ट्रात पाहुण्यांचे वेळापत्रक कोणी आणि कसे लावले?

धागा.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. १९६८ मध्ये ते पूर्ण झाले. मातीचा बांध, लांबी चार किलोमीटरहून थोडी अधिक, उंची सुमारे ५१ मीटर, एकूण साठवणक्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर. पायथ्याच्या वीजगृहात साडेसात मेगावॅटचे तीन संच. तिथून सुटलेले पाणी खालच्या सिद्धेश्वर धरणात जाते आणि कालव्यांचा पसारा सिद्धेश्वरपासून सुरू होतो.

कालव्यावरच्या शेतकऱ्याला एक शब्द पाठ असतो : शेजपाळी. नमुना क्रमांक ७ भरून पाण्याची मागणी करायची, ती मंजूर झाली की त्या आवर्तनात कोणत्या शेताला कोणत्या दिवशी आणि किती वेळ पाणी मिळणार हे ठरते. पाटकरी दार उघडतो, पाटकरी बंद करतो. पाणी एकच, शेते अनेक. ज्याची पाळी हुकली त्याला पुढच्या आवर्तनाची वाट पाहावी लागते.

या धाग्याचा विषय मात्र पाणी नसून पाहुणे आहेत. कृषी पर्यटन केंद्र, योगकेंद्र, निसर्गोपचार आश्रम, समुद्रात डुबकी मारायला शिकवणारी केंद्रे, अशा ठिकाणी पाहुणा केवळ खोली आणि जेवण यांसाठी येत नाही. त्याला काही करायचे असते, काही शिकायचे असते. म्हणून दर्शनी भिंतीवर फळा असतो : सकाळी सात वाजता योगासने, नऊ वाजता शिवारफेरी, अकराला मातीकाम. हा फळा नव्या जमान्याचा वाटतो. त्यामागचा हिशेब शेजपाळीचाच आहे. शिकवणारा एक, शिकणारे अनेक, आणि गेलेली वेळ परत येत नाही.

हा हिशेब महाराष्ट्राने कितीतरी आधी मांडला होता, आणि तोही देवळाच्या दारात.

तुळजापूरला भवानीच्या पुजाऱ्यांची वेगवेगळी मंडळे आहेत : भोपे, पाळीकर, उपाध्ये. ‘पाळीकर’ या नावातच व्यवस्था सांगितलेली आहे. पूजेचा मान ठरलेल्या घराण्यांकडे, ठरलेल्या दिवसांसाठी, पाळीने येतो. दूरगावचा भक्त आपल्या कुळाच्या पुजाऱ्याच्या घरी उतरे. तिथेच त्याचे जेवण होई, तिथेच नैवेद्य शिजे, आणि पुजारीच त्याला बरोबर घेऊन अभिषेक, ओटी, कुलाचार पार पाडून देई. निवास, भोजन आणि विधीचे मार्गदर्शन एकाच उंबऱ्याआड. आजच्या भाषेत ज्याला ‘पॅकेज’ म्हणतात ते हेच.

कोणता पाहुणा कोणाकडे जाणार, हा पुढचा प्रश्न. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांनी तो वह्यांनी सोडवला. कोणत्या गावचे, कोणत्या आडनावाचे कूळ कोणत्या उपाध्यायाकडे, हे ठरलेले असे. आलेल्या यात्रेकरूचे नाव, बापाचे नाव, आजोबांचे नाव, बरोबर कोण आले होते, हे सारे वहीत उतरवले जाई. आज त्या वह्या वंशावळी शोधणाऱ्यांना खजिन्यासारख्या वाटतात. त्यांचा मूळ उपयोग मात्र अगदी व्यावहारिक होता. घाटावर उतरलेल्या माणसाला कोणी न्यायचे यावरून भांडण होऊ नये, आणि आलेला माणूस अनोळखी राहू नये.

तुळजापूरच्या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट आहे, आणि या धाग्याच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची. तिथे खुद्द देवीला विश्रांती आहे. शारदीय नवरात्रापूर्वी भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोरनिद्रा, विजयादशमीनंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवली जाते. वर्षातली सर्वाधिक गर्दी नवरात्राची, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे यजमानीण निजलेली असते. धर्मशास्त्र बाजूला ठेवून केवळ वेळापत्रक म्हणून पाहिले, तरी हे शहाणपण थोर आहे. जिच्यासाठी सगळे येतात तिचा विसावा आधी कोरून ठेवायचा आणि गर्दीचे दिवस त्याच्याभोवती मांडायचे.

इंग्रजांच्या थंड हवेच्या ठिकाणांनी हा धागा पुढे नेला नाही. महाबळेश्वर, माथेरान इथे आलेला साहेब आपल्या मर्जीचा मालक होता. वाटेल त्या पॉइंटवर वाटेल तेव्हा जावे, घोडेवाल्याने हाक मारताच हजर व्हावे. तिथे शिकवणारा कोणी नव्हता, म्हणून वेळापत्रकाची गरजही भासली नाही. घोडेवाल्याच्या दिवसाचा विचार कोणी केला असेल असे मानायला आधार नाही.

शिकवण्यासाठी पाहुणा ठेवून घ्यायचा, ही कल्पना आधुनिक रूपात आली ती लोणावळ्याला. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधामची स्थापना केली. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर घडवले होते आणि माधवदास महाराजांकडून योग शिकला होता. उड्डियान आणि नौली करताना शरीरात नेमके काय घडते हे क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहण्याचे प्रयोगही त्यांनी केले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले.

कुवलयानंदांचे योगदान प्रयोगशाळेपुरते नाही. गुरूने एका शिष्याला वर्षानुवर्षे शिकवायचे, ही योगाची जुनी रीत. तिला घड्याळ नव्हते. कुवलयानंदांपुढे उभे राहिलेले लोक वेगळे होते. नोकरदार, आजारी, आठवड्या-महिन्यासाठी आलेले. त्यांच्यासाठी अभ्यासक्रम लागतो, क्रम लागतो, एका शिक्षकाने अनेकांना शिकवण्याची पद्धत लागते. १९३० च्या दशकात त्यांनी शाळा आणि शारीरिक शिक्षणासाठी सामूहिक योगाभ्यासाची आखणी केली. आज कोणत्याही रिसॉर्टच्या हिरवळीवर सकाळी वीस माणसे एका आवाजाच्या सूचनेवर हात वर करतात, त्या दृश्याची मुळे शोधत गेले तर बरीचशी लोणावळ्याला पोहोचतात.

त्याआधी युरोपातही असेच काही घडले होते. जर्मनीच्या हार्त्स पर्वतात आडोल्फ युस्ट याने १८९६ मध्ये ‘युंगबोर्न’ नावाचे निसर्गोपचार केंद्र काढले. पाहुण्यांनी लाकडी झोपड्यांत राहावे, उन्हात बसावे, मातीचे लेप घ्यावेत, ठरलेला आहार घ्यावा. १९१२ च्या उन्हाळ्यात फ्रान्झ काफ्का तिथे राहून आला. युस्टचे पुस्तक दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधी नावाच्या बॅरिस्टरच्या हाती पडले होते, आणि मातीच्या पट्ट्या त्याने स्वतःच्या पोटावर ठेवून पाहिल्या होत्या.

म्हणून पुढचा टप्पा पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचनचा.

पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. गांधीजी १९४४ नंतर तिथे वरचेवर राहिले. १९४५ मध्ये निसर्गोपचारासाठी न्यास स्थापन झाला आणि गांधीजी त्यात सहभागी झाले. पुण्यातले हेच केंद्र गरिबांसाठी चालवावे, असा प्रारंभीचा बेत होता. लवकरच गांधीजींना तो चुकीचा वाटू लागला. गरीब रोगी शहरात येऊन राहणार कसा? त्याने यावे ही अपेक्षाच उलटी होती. आपणच गावात जायला हवे. मार्च १९४६ च्या अखेरीस ते पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या उरुळी गावी जाऊन राहिले. गावकरी येत, त्यांना तपासून उपचार सांगितले जात : रामनाम, सूर्यस्नान, कटिस्नान, घर्षणस्नान, ताक, फळांचा रस, भरपूर पाणी.

गांधीजी उरुळीला जेमतेम आठवडाभर होते. दिल्लीत ब्रिटिश मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ आले होते, त्यांना जावे लागले. इथे इतिहासाने एक अवघड प्रश्न उभा केला. जो माणूस हे सारे शिकवणार होता तोच निघून गेला. वेळापत्रक त्याच्या भोवती आखले असते तर आश्रम त्या आठवड्यातच संपला असता. तसे झाले नाही, कारण मणिभाई देसाई हा पंचविशीतला तरुण मागे राहिला. तो राहिला तो १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत. निसर्गोपचार आश्रम चालला, आणि १९६७ मध्ये मणिभाईंनी त्याच गावातून ‘बाएफ’ या संस्थेचे काम सुरू केले. उरुळीचा आश्रम आजही चालू आहे आणि उपचारार्थी तिथे राहून ठरलेली दिनचर्या पाळतात.

गरिबांपर्यंत जाण्याचा गांधीजींचा आग्रह मात्र पुढच्या निसर्गोपचार केंद्रांपैकी किती जणांनी पाळला, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मातीची पट्टी फुकट असते. तिच्यासाठी राखून ठेवलेला माणूस आणि त्याचा अर्धा तास फुकट नसतो. महाग झाली ती वेळ.

शिक्षक एक आणि शिकणारे अनेक, या कोड्याचे सर्वांत धाडसी उत्तर इगतपुरीत मिळाले.

सत्यनारायण गोयंका हे म्यानमारमधील मंडालेचे. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकून ते १९६९ मध्ये भारतात आले. पहिली शिबिरे धर्मशाळांतून, मिळेल त्या जागी भरली. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर नियमित शिबिरे सुरू झाली. दहा दिवसांच्या शिबिराचे वेळापत्रक असे : पहाटे चारला घंटा, साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता, आठ ते नऊ सामूहिक साधना, पुढे अकरापर्यंत ध्यान, अकराला भोजन, बारा ते एक विश्रांती आणि आचार्यांना वैयक्तिक प्रश्न, दुपारी पुन्हा ध्यान, पाचला चहा, सहा ते सात सामूहिक साधना, सातला प्रवचन, त्यानंतर थोडी साधना, आणि साडेनऊला दिवे बंद. शिबिराला शुल्क नाही. आधीच्या साधकांच्या दानावर पुढच्यांचे शिबिर चालते.

साधक वाढले, केंद्रे वाढली. गोयंका एकच होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी सहायक आचार्य नेमायला सुरुवात केली. सूचना आणि सायंकालीन प्रवचने ध्वनिफितीवर गोयंकांच्या आवाजात, आणि समोर बसून साधकांची विचारपूस करायला सहायक आचार्य, अशी विभागणी झाली. अध्यापनाचे दोन तुकडे पाडले गेले. जे सर्वांना सारखेच सांगायचे ते फितीवर, जे माणसागणिक बदलते ते माणसाकडे. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच तासाला, अनेक केंद्रांवर एकच शिबिर चालू शकले. २०१३ मध्ये गोयंकांचे निधन झाले. तो आवाज आजही ठरलेल्या वेळी सुरू होतो.

इथे एक बारीक गोष्ट नजरेतून सुटू नये. धम्मगिरीच्या फळ्यावर बारा ते एक हा तास वैयक्तिक प्रश्नांसाठी आहे, दिवसभर केव्हाही नाही. आचार्याच्या वेळेलाही कुंपण आहे. तुळजापूरची निद्रा इथे अशा रूपाने दिसते.

आता शेताकडे वळू. कारण शेतात घड्याळ माणसाच्या हाती नसते.

२००५ मध्ये बारामती तालुक्यात पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा संघटित प्रयोग सुरू केला. शहरी कुटुंबाने एक दिवस किंवा एक रात्र शेतावर यावे, बैलगाडीत बसावे, गोठा पाहावा, पिठले-भाकरी खावी, आणि शेतकऱ्याला पिकाच्या जोडीला दुसरे उत्पन्न मिळावे. राज्यात पुढे अशी केंद्रे उभी राहिली आणि सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. शासनदरबारी शेतकरी यजमान ठरला. तो शिक्षकही असतो, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. धार कशी काढायची, पाभर कशी धरायची, कणीस केव्हा कोवळे असते, हे दाखवणारा माणूस प्रशिक्षकच आहे.

याची खरी परीक्षा मराठवाड्यात हुरड्याच्या दिवसांत होते. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते. डिसेंबर-जानेवारीत कणसात दाणा भरतो. दूध आटून दाणा मऊ, हिरवा आणि गोड असतो तोवरच हुरडा. एका पेऱ्याला हे दिवस जेमतेम आठ-दहा मिळतात. मग दाणा कडक होतो, आणि गोवऱ्यांच्या आगटीत कितीही भाजला तरी तो हुरडा राहत नाही. पाहुणे मात्र शनिवार-रविवारी येतात. आठ-दहा दिवसांत रविवार एक, फार तर दोन.

शेतकऱ्याने यावर काढलेले उत्तर पेरणीतच आहे. एकाच दिवशी सारे रान न पेरता दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने पट्टे पेरायचे, म्हणजे एक पट्टा संपता संपता दुसरा कोवळ्यात येतो. जानेवारीतल्या चौथ्या रविवारी कोणता पाहुणा कुठे बसणार हे ऑक्टोबरातच ठरलेले असते. जगातल्या कोणत्याही हॉटेलात आरक्षणाची वही इतक्या आधी, आणि तीही मातीत, लिहिली जात नसेल. वाणही त्यासाठी राखलेले असतात. गूळभेंडीसारखी ज्वारी मराठवाड्यात हुरड्यासाठीच ओळखली जाते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, ‘परभणी वसंत’ हा खास हुरड्याचा वाण दिला आहे.

आगटीभोवतीचे कामही वेळेत बांधलेले असते. भाजलेले कणीस गरम असतानाच हातावर चोळावे लागते. थंड झाले की दाणा सुटत नाही. चोळणारी माणसे दोन असतील तर एका वेळी किती पाहुण्यांना गरम हुरडा मिळेल याला मर्यादा आहे. ती जाणत्या यजमानाला ठाऊक असते, म्हणून तो पन्नास माणसांना एकदम न बसवता गट पाडतो : एक आगटीपाशी, दुसरा शिवारात, तिसरा विहिरीकडे. अजाण यजमान सगळ्यांना एकदम बसवतो आणि चोळणाऱ्यांचे तळवे भाजून निघतात.

समुद्रावर हा हिशेब चुकला तर किंमत आणखी मोठी. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने सिंधुदुर्गात तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था उभारली. पाण्याखाली पहिल्यांदा उतरणाऱ्याबरोबर प्रशिक्षक लागतोच. प्रशिक्षकाच्या शरीरालाही एका दिवसात किती वेळा आणि किती खोल जाता येईल याची सीमा आहे, आणि पावसाळ्यात तर समुद्रच दार लावतो. साहसी उपक्रमांसाठी शासनाने २०१८ मध्ये सुरक्षेच्या सूचना आणि २०२१ मध्ये स्वतंत्र धोरण आणले. प्रशिक्षित मार्गदर्शक असावा, एकाकडे किती जण असावेत, या गोष्टी कागदावर आल्या. त्याला दोन फेऱ्यांच्या मध्ये किती विसावा मिळतो हे मात्र गर्दीच्या दिवशी त्या केंद्राचा मालकच ठरवतो.

आणि येलदरी? तिथे सुट्टीच्या दिवशी येणारा पाहुणा भिंत पाहतो, पाणी पाहतो, मासे खातो आणि संध्याकाळी परततो. जवळच चारठाण्याची जुनी मंदिरे आहेत, जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत. तालुक्यात रब्बी ज्वारी आहे, म्हणजे हुरडा आहे. उद्या तिथल्या एखाद्या शेतकऱ्याने पाहुण्यांसाठी फळा लावायचे ठरवले, तर जागा, वाण, पाणी, इतिहास यांपैकी कशाची वाण नाही. अडचण येईल ती विजेची.

शेतीपंपांना वीज अनेक ठिकाणी चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असते त्या आठवड्यात शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन थंडीत गव्हाच्या, हरभऱ्याच्या वाफ्यांवर उभा असतो. नेमके तेच हुरड्याचे दिवस. येलदरीच्या पायथ्याशी वीज तयार होते, आणि तिथून हाकेच्या अंतरावरचा माणूस तिच्यासाठी जागा असतो. पहाटे मोटार बंद करून तो घरी येईल. नऊ वाजता पाहुण्यांची गाडी बांधावर उभी राहील, आणि आगटी पेटवून पहिले कणीस चोळून दाखवायचे असेल ते त्यालाच.